हातची दहा मिनिटे

आमच्या घरात दोन वेळा नांदतात. एक माझी आणि एक ह्यांची. दिवाणखान्यातले भिंतीवरचे घड्याळ हे गेली तीस वर्षे दहा मिनिटे पुढे ठेवीत आले आहेत. का म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले : "असू द्यावीत दहा मिनिटं हातची!" सकाळची एस. टी. गाठायची असली की हे त्या घड्याळाकडे बघतात, मनातल्या मनात दहा वजा करतात, आणि मग अगदी आयत्या वेळी, एका पायात चप्पल घालीत, बाहेर पडतात. जी दहा मिनिटे आपण रोज वजा करतो ती हातची राहिली कशी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पेणच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. पण घरातल्या एकाच विद्यार्थ्यापुढे मी हात टेकले आहेत.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असेच एखादे पुढारलेले घड्याळ असेल. तेव्हा ह्यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हणत असे. परंतु यंदाच्या पावसाळ्यात घड्याळाच्याच पायी माझ्या भाच्याची नोकरी जाते की राहते अशी वेळ आली, आणि ह्या सदरातून एरवी मिक्सर, गिझर आणि फ्रीज यांच्या दुखण्यांवर लिहिणाऱ्या मला संगणकाची नाडी बघायला रोह्याला जावे लागले.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तोही पेणचाच. रोह्यात मालवाहतुकीचे काम करणाऱ्या एका कचेरीत तो एप्रिलमध्ये लागला. सहा महिने उमेदवारी, मग कायम. रोज सकाळी पेण स्टेशनवर गाडी धरायची. कासू, नागोठणे, निडी, आणि मग रोहे. कचेरी साडेनवाची. दारातच टेबलावर एक जुना संगणक, आणि त्याला वायरने जोडलेले अंगठा टेकवायचे यंत्र. अंगठा टेकवला की संगणक आपल्या घड्याळातली वेळ नोंदून घेतो. नऊ पस्तीसनंतरचा अंगठा म्हणजे लाल शेरा. तीन लाल शेरे म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

जुलैच्या पगाराचा कागद हाती आला तेव्हा त्यावर अकरा लाल शेरे होते. दीड दिवसाचा पगार कापलेला, आणि वर तोंडी समज : असेच चालले तर सप्टेंबरअखेर कायम होण्याचे विसरा.

बहीण तो कागद घेऊन माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. भाचा मात्र रागाने लाल झाला होता. "मावशी, तीन दिवस मला उशीर झाला, कबूल आहे. गाडीच उशिरा आली. पण अकरा? मी सव्वानऊ-साडेनऊच्या आत दारात असतो गं! ते घड्याळच खोटं आहे."

"घड्याळ खोटं आहे" हे वाक्य मी वर्गात इतक्या उशिरा येणाऱ्या पोरांकडून ऐकले आहे की माझा चेहरा आपोआप गुरुजींसारखा होतो. तो त्याला दिसला असावा. म्हणाला, "विश्वास नसेल तर तू ये आणि बघ."

म्हणून एका बुधवारी मी त्याच्याबरोबर गाडीत बसले. पेणचे गणपतीचे कारखाने त्या दिवसांत रात्रंदिवस चालू असतात. स्टेशनकडे येताना वाटेत रिक्षावाल्याला तीन ठिकाणी थांबावे लागले, कारण मूर्ती घेऊन निघालेले टेंपो आडवे. गाडीच्या दोन्ही अंगांना भातखाचरे पाण्याने तुडुंब भरलेली. पिशवीत मोबाईल, वही, पेन्सिल, एक व्होल्टमीटर आणि चार घावन. एवढ्या सामग्रीवर मी भल्याभल्या यंत्रांना बोलते केले आहे.

कचेरीत हेडक्लार्कसाहेबांनी "या बाई, बसा" म्हणून खुर्ची दिली. पेणरोह्याकडे निवृत्त शिक्षिकेला अजून एवढा मान आहे, हे माझे भाग्य. भाच्याने नऊ बावीसला अंगठा टेकवला. संगणक म्हणाला, नऊ तेहतीस. भाच्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी वहीत लिहिले : संगणक अकरा मिनिटे चाळीस सेकंद पुढे.

पण घड्याळ चुकले आहे एवढे कळणे म्हणजे अंगाला हात लावून "ताप आहे" म्हणण्यासारखे. कसला ताप, केव्हा चढतो, केव्हा उतरतो? मी दोन तास तिथेच बसून राहिले. अकरा बावीसला पुन्हा पाहिले. फरक तेवढाच, अकरा मिनिटे चाळीस सेकंद. जे घड्याळ जोरात पळते ते दोन तासांत काहीतरी पळाले असते. हे पळत नव्हते. नुसते पुढे जाऊन उभे होते.

हेडक्लार्कसाहेबांना मी तसे म्हटले, तेव्हा ते हसले. "पुढे? अहो बाई, हे घड्याळ मागे पडतं! जूनपासून मी ह्याला वैतागलोय. दर एक-दोन दिवसांआड मलाच पुढे ढकलावं लागतं."

म्हणजे रोग्याचे नातेवाईक सांगतात थंडी वाजते, आणि हाताला लागतो ताप! अशा वेळी रोग्याचा स्वभाव आधी माहीत असावा लागतो. तेव्हा थोडे शरीरशास्त्र सांगते.

संगणकात घड्याळे दोन असतात. एक चालत्या संगणकाचे. ते संगणक चालू असेतो टिकटिकी मोजत वेळ सांगते आणि तो बंद झाला की तेही झोपते. दुसरे लहानसे, सतत जागे. संगणक सुरू होताना पहिले घड्याळ दुसऱ्याला विचारते, "किती वाजले हो?" आणि त्यावर विसंबून कामाला लागते. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीने पहिला घरगुती संगणक काढला तेव्हा त्यात हे जागे घड्याळ मुळी नव्हतेच. तो रोज सकाळी मालकालाच विचारी, आज तारीख काय आणि वाजले किती! १९८४ च्या मॉडेलात बॅटरीवर चालणारे घड्याळ बसले आणि माणसाची ती चौकशी थांबली.

ह्या जाग्या घड्याळाचे काळीज म्हणजे स्फटिकाचा एक इवलासा चिमटा. स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज उत्पन्न होते, हे पिएर आणि जॅक क्युरी ह्या भावांनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. हा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटेल. पण त्याचे निम्मे करा, पुन्हा निम्मे, असे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. तोच एक सेकंद. भिंतीवरच्या किंवा मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही बहुधा हाच चिमटा असतो.

आता हा चिमटा काही युधिष्ठिर नव्हे. दहा लाखांत वीस थरथरींची चूक त्याला माफ असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण-एक मिनिट. पंचवीस अंशांच्या आसपास तो सर्वांत नेकीने चालतो. त्याहून उकाडा झाला तरी मागे पडतो आणि गारठा पडला तरी मागेच पडतो. तापलेल्या पेटीत पंचेचाळीस अंशांवर बसला तर दिवसाला सव्वा सेकंदाने मागे. पण एका रात्रीत दहा-बारा मिनिटे? चिमट्याचा तो घास नव्हे. आणि आपण होऊन दहा मिनिटे पुढे जाणे तर त्याच्या बापजन्मी होणार नाही. घड्याळ पुढे दिसले, तर कोणीतरी माणसाने ते पुढे केले.

मी हेडक्लार्कसाहेबांना विचारले, "तुम्ही पुढे करता म्हणजे नेमकं किती?"

ते जरा घुटमळले. "संध्याकाळी निघताना मनगटावरच्या घड्याळाला लावतो. आणि... रात्रीत मागे पडणारच, म्हणून दहा-बारा मिनिटं हातची ठेवतो."

मला दिवाणखान्यातले घड्याळ डोळ्यांपुढे दिसले.

"आणि सकाळी पुढे दिसलं तर?"

"थोडं पुढे असलं तर काय बिघडतं, बाई? मागे नसावं."

त्यांचे बिघडत नव्हते, हे खरेच. ते कचेरीच्या वर राहतात. सव्वानऊला पहिला अंगठा त्यांचा. बिघडत होते ते स्टेशनवरून चालत येणाऱ्यांचे.

तरीही अर्धे कोडे शिल्लक होतेच. रोज रात्री तेवढेच मागे पडत असते तर सकाळी हिशेब जुळला असता. काही दिवशी जुळत होता, काही दिवशी नाही. मी शिपाईदादांना हाक मारली आणि विचारले, "रात्री मेन स्विच बंद करता का हो?"

"विजा चमकायला लागल्यापासून करतो ना, बाई. जूनमधे शेजारचा टीव्ही जळला."

"रोज?"

"माझी पाळी असली की रोज. दुसरा राखणदार असला की तो चालू ठेवतो. त्याला मोबाईल चार्ज करायचा असतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संगणक बंद केला तरी भिंतीतली वीज चालू असेल तर तिचा एक बारीकसा ओघ आत येत राहतो आणि जागे घड्याळ त्यावर सुखाने चालते. मेन स्विच पडला की मात्र ते सर्वस्वी एका बॅटरीच्या आधारावर येते. रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी, नाव सीआर २०३२. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. ती म्हातारी झाली की घड्याळ अडखळू लागते.

पण हा झाला तर्क. वर्गात मी मुलांना तर्कावर गुण देत नसे. मी हेडक्लार्कसाहेबांना विनंती केली की दोन आठवडे घड्याळाला कोणीही हात लावू नये. आज ते बरोबर लावून ठेवू. रोज संध्याकाळी बंद करताना आणि सकाळी उघडताना मोबाईलची वेळ आणि संगणकाची वेळ सेकंदासकट वहीत लिहावी, आणि रात्री स्विच चालू होता की बंद तेही. वही त्यांनीच ठेवावी; भाच्याने तिला शिवूसुद्धा नये. आणि तोवर कोणाला लाल शेरा देऊ नये.

"तुमच्या मोबाईलचं घड्याळ बरोबर कशावरून?" त्यांनी विचारले. प्रश्न इतका योग्य होता की त्यांच्याबद्दलचा माझा ग्रह तिथेच पालटला. आम्ही तीन निरनिराळ्या कंपन्यांचे तीन मोबाईल शेजारी ठेवले. सेकंदाचाही फरक नाही. मोबाईल आपली वेळ टॉवरकडून घेतो. देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळांवर राखली जाते. सेकंदाची व्याख्याच १९६७ पासून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बांधलेली आहे.

हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "म्हणजे रोह्याची वेळ दिल्ली ठरवणार!"

ही तक्रार काही नवी नाही. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच वेळ ठरवली, तेव्हा मुंबई चिडली होती. तोवर मुंबईची वेळ तिच्या स्वतःच्या सूर्याप्रमाणे, नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. एका गिरणीतल्या कामगारांनी तर नव्या वेळेने काम करायलाच नकार दिला. का नाही देणार? भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार, झोप मात्र जुन्याच सूर्याची! मुंबईच्या महापालिकेने जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. सूर्याचे म्हणाल तर त्याने अजून दिल्लीचे ऐकलेले नाही. आपली प्रमाणवेळ ८२।। रेखांशाची, मिर्झापूरजवळची, पेण आणि रोहे पडले ७३ च्या किंचित पुढे. म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरीने साडेसदतीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. लाल शेरा द्यायचा तर त्यालाच आधी द्यायला हवा.

असो. दोन आठवड्यांनी वही माझ्याकडे आली. अक्षर मोत्यासारखे. कचेरी चालू असताना दिवसभरात फरक एका सेकंदाच्याही आत. रात्री स्विच चालू ठेवला तर सकाळी फरक एखाद-दुसरा सेकंद. स्विच बंद असलेल्या रात्री मात्र अकरा मिनिटे, बारा मिनिटे, पुन्हा बारा, साडेतेरा. आणि शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत स्विच बंद राहिला तेव्हा एकतीस मिनिटे. अंधारात तासाला सुमारे पाऊण मिनिट, आणि दर आठवड्याला किंचित जास्त. दमेकऱ्याला रात्री धाप लागावी, तसे.

दुसऱ्या दिवशी संगणक उघडला. आधी प्लग काढला, हे सांगायला नको. तरी सांगते, कारण हे वाचून कोणी उत्साही चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावतील. बॅटरी व्होल्टमीटरला लावली. नवी असती तर तीन व्होल्टांच्या वर दाखवती, ही २.४ वर धापा टाकत होती. नवी बसवली, वेळ लावली, मुद्दाम मेन स्विच बंद करायला सांगितला. सकाळी फरक एक सेकंद. मग मी जुनीच पुन्हा बसवली. हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "आता हे कशाला?" मी म्हटले, उतारा पडला म्हणजे औषधानेच पडला असे नव्हे, एक रात्र पुन्हा दुखू दे. सकाळी चौदा मिनिटे मागे. तेव्हा कुठे नवी कायमची बसवली. खर्च दोघांच्या चहा-वड्याएवढा.

तुमच्या घरचा संगणक वेळ चुकवीत असेल तर तुम्हीही हेच करा : आधी चुकीचा स्वभाव ओळखा. चूक बरोबर साडेपाच तासांची असेल तर घड्याळ निर्दोष आहे. त्याला आपण ग्रिनिचला आहोत असे वाटते आहे. प्रदेशाची वेळ तपासा. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सवती नांदत असल्या तरी हेच होते, कारण एक आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवते आणि दुसरी ग्रिनिचची. महिन्याला मिनिटभर चूक हा चिमट्याचा स्वभाव आहे. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू केली की तो झाकला जातो. रोह्याच्या त्या संगणकाला मालकांनी व्हायरसच्या धास्तीने इंटरनेट जोडलेच नव्हते. आणि संगणक सकाळी भलत्याच जुन्या सालात जागा होत असेल, बँकेचे पान उघडायला गेले की "सुरक्षित नाही" म्हणून कुरकुरत असेल, तर बँकेला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. त्या पानाच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर मुदत असते. संगणकाच्या मते तो दाखला अजून जन्मलेलाच नसतो! बॅटरी पार मेलेली असते, एवढेच.

यंत्राचे दुखणे निघाले. भाच्याचे तसेच राहिले. जुलैमध्ये कोणत्या सकाळी घड्याळ किती पुढे होते हे आता कोण सांगणार? संगणक आपली वेळ कोणी बदलली की त्याची आत नोंद ठेवतो. ती मी काढली. हेडक्लार्कसाहेबांनी जुलैत चौदा वेळा काटा ढकलला होता. पण ढकलल्यावर रात्रीत किती घसरले ते त्यातून कळेना.

उत्तर बहिणीच्या मोबाईलमध्ये निघाले. मुलगा पावसातून गाडीने जातो म्हणून तिचा जीव टांगलेला. त्याला ताकीद होती, कचेरीच्या दारात पाऊल ठेवले की "पोचलो" असा निरोप धाडायचा. तो बिचारा रोज अंगठा टेकवून लगेच धाडी. जुलैतले असे सव्वीस "पोचलो" तिच्या मोबाईलवर, प्रत्येकासमोर टॉवरची वेळ. शेजारी कचेरीतल्या सव्वीस अंगठ्यांच्या वेळा. वजाबाकी केली की त्या सकाळची चूक हातात.

आम्ही तिघे रात्री बसून तक्ता मांडला. अकरा लाल शेऱ्यांपैकी आठ साफ खोटे. घड्याळ त्या दिवशी दहा ते तेरा मिनिटे पुढे होते. तीन खरे, ते त्याने आधीच कबूल केलेले. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. आणि मग तक्ता पुरा करताना दोन सोमवार निघाले. त्या दोन्ही दिवशी "पोचलो" आले होते नऊ बेचाळीस आणि नऊ पंचेचाळीसला. पण रविवारभर उपाशी राहिलेले घड्याळ इतके मागे होते की संगणकाने नऊ पंचवीसच्या आतच नोंद केली होती. लाल शेरा नाही.

खोलीत जरा शांतता पसरली. बहीण हळूच म्हणाली, "ते सोमवार कशाला दाखवायचे? विचारलंय का कोणी?"

खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आले होते. आम्हाला आठ शेरे पुसायचे होते. दोन नवे ओढून घ्यायला आम्ही बसलो नव्हतो. पेन्सिल माझ्या हातात होती. एकतीस वर्षे मुलांना शिकवले की नको असलेले निरीक्षण वहीतून गाळू नये, आणि इथे घरचे पोर समोर बसल्यावर मला ते वाक्य आठवेना. मी ह्यांच्याकडे पाहिले, तर हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले.

भाच्यानेच तक्ता माझ्यापुढून ओढला. म्हणाला, "मावशी, घड्याळ मला त्रास देतं तेव्हाच चुकतं, असं कसं सांगू त्यांना? विचारतील, सोमवारचं काय?" आणि त्याने दोन्ही ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या.

हेडक्लार्कसाहेबांनी तक्ता दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग कपाटातून बाकीच्या माणसांचे कागद काढले. तिथल्या दोन मुली नागोठण्याहून त्याच गाडीने येतात. त्यांच्याही नावावर तसेच लाल शेरे होते, आणि ज्या तारखांना भाच्याचे खोटे ठरले त्याच तारखांना. त्या बिचाऱ्यांनी पगार कापला तरी तोंड उघडले नव्हते. त्यांना कोणी मावशी नसावी. त्यांच्या तारखांनाही भाच्याच्या तक्त्यातली चूक वजा करून हिशेब नव्याने झाला. भाच्याचे खरे उशीर पाच भरले. दीड दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाचा पगार गेला. तो आम्ही निमूटपणे जाऊ दिला.

"माझीच चूक झाली," हेडक्लार्कसाहेब मला म्हणाले. "पण बाई, मी काही वाईट हेतूनं नव्हतं केलं."

ते मला माहीतच होते. तसल्याच एका निष्पाप माणसाबरोबर मी संसार केला आहे.

सप्टेंबरअखेरीस भाच्याला कायम केल्याचे पत्र मिळाले. बहीण अजून रोजचा "पोचलो" मागते. आता तर तिच्याजवळ कारणही आहे. जुनी बॅटरी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

आणि आमचे दिवाणखान्यातले घड्याळ? तक्ता झाला त्या रात्री हे झोपल्यावर मी खुर्चीवर चढले आणि ते मोबाईलला बरोबर लावून ठेवले. सकाळी ह्यांनी नेहमीप्रमाणे त्यातून दहा वजा केले, शांतपणे चहाचा दुसरा कप घेतला, आणि एस. टी. चुकली. दोन दिवस आमच्यात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा पुढे. नक्की किती पुढे, ते मी आता दर रविवारी वहीत लिहिते. परवाच्या रविवारी ते दहा मिनिटे चौतीस सेकंद होते.